चढावर चाकं जागच्या जागी फिरतात: वाफेच्या मॉडेल इंजिनाचे ट्रॅक्शन टायर नवे बसवू, की काढूनच टाकू?

घोडबंदर_एक्सप्रेस
मंडळी नमस्कार, वर्षभर इथे नुसतं वाचतोय, आज अडलो म्हणून धागा काढला.

माझ्याकडे एचओचं (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं) एक वाफेचं मॉडेल इंजिन आहे, ४-६-२, म्हणजे आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूपी इंजिनासारखीच चाकांची मांडणी, सेकंडहँड घेतलेलं, वय तीसच्या पुढे असणार. आठ बाय चारच्या प्लायवर लेआउट आहे, दिवसा हॉलच्या भिंतीला उभा असतो आणि रात्री जेवणं आटोपली की आडवा करतो. त्यात मी हौसेनं एक घाट केलाय, २.७ मीटर लांबीत ९ सेंमी चढ, म्हणजे ३० ला १. दिवाळीपर्यंत हे इंजिन आठ डबे घेऊन घाट चढायचं, अगदी संथ, बघत राहावं असं.

परवा शनिवारी अर्ध्या चढावर गाडी थांबली. म्हणजे इंजिन बंद नाही पडलं, मोटर चालू, साइड रॉड जोरजोरात फिरतायत, चाकं गरगर आणि गाडी मात्र तिथल्या तिथे. आधी वाटलं डबा अडकला असेल. मग बॅटरी मारून बघितलं तर रुळाच्या कडेला काळा बारीक तुकडा, जेमतेम मिलिमीटरभर रुंद, वाकवला तर कट्कन मोडला. औषधाच्या पुडीला लावलेलं जुनं रबरबँड कसं ताणलं की तुटतं, तसं. मागच्या एक्सलच्या डाव्या चाकावरचा ट्रॅक्शन टायर होता तो, म्हणजे पकड यावी म्हणून चाकाच्या खोबणीत बसवतात ते रबरी कडं. उजवीकडचा अजून आहे पण सैल झालाय, नखानं सरकतो.

आता विचारायचं हे की असे टायर ठाण्यात किंवा मुंबईत कुठे मिळतात का, बाहेरून मागवायचे तर नेमकं माप कसं घ्यायचं, आणि तिसरं म्हणजे हे टायर हवेतच का? खोबणीत काहीच न घालता चालवलं तर काय बिघडेल?


नौपाडा_लोकोशेड
खोबण रिकामी ठेवून चालवू नका, हे सगळ्यात आधी. टायर असतो तेव्हा त्याचा वरचा भाग बाकीच्या चाकांच्या पातळीला येतो. टायर नसला की ते चाक खोबणीच्या कडांवर चालतं नाहीतर अधांतरी राहतं, मग पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, खडखड करतं आणि इंजिन एका अंगाला कलतं. एका बाजूला टायर आणि एका बाजूला नाही हे तर फारच वाईट, कारण एकाच एक्सलवरची एक बाजू पकडते आणि दुसरी घसरते. तेव्हा उजवीकडचाही आत्ताच काढून ठेवा आणि बदलाल तेव्हा जोडीच बदला.

फोटो टाका ना चाकाचा, खालून.


घोडबंदर_एक्सप्रेस
फोटो टाकलाय वर. तिन्ही एक्सल गिअरनं नाही फिरत, मोटर फक्त मागच्या एक्सलला आहे, पुढचे दोन साइड रॉडनं ओढले जातात. टायर मागच्याच एक्सलवर, दोन्ही बाजूंना.


सीवूड्स_लूप
+१ नौपाडा. वाचतोय, माझ्याकडेही दोन इंजिनं याच आजारानं कपाटात पडलीयत.


ऐरोली_अँपिअर
टायर हवेत का या प्रश्नाचं माझं उत्तर थोडं वेगळं आहे, जरा लांबण लागेल, पण वाचा.

आपल्या टू-रेलमध्ये, म्हणजे दोन रुळांतूनच वीज घेणाऱ्या पद्धतीत, डावा रूळ एक टोक, उजवा रूळ दुसरं टोक, आणि करंट इंजिनात चढतो तो चाकांतूनच. रबर करंट नेत नाही. म्हणजे टायर घातलेलं प्रत्येक चाक विजेच्या हिशोबातून बाद. तुमच्या इंजिनाला सहा ड्रायव्हिंग चाकं, त्यातली दोन गेली, उरली चार, म्हणजे एका रुळाला फक्त दोन. त्यातलं एक पॉइंटच्या प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर (रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर) आणि दुसरं किंचित उचललेलं असलं की संपलं, इंजिन उभं. टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या गाड्याच्या) चाकांना पिकअप, म्हणजे करंट उचलायची सोय, असेल तर वाचलात, नसेल तर आधी ते करून घ्या, पितळेची पातळ पट्टी चाकाच्या मागच्या बाजूला हलकेच टेकेल अशी.

मार्कलिन या जर्मन कंपनीची मॉडेलं चालवणाऱ्यांचं आयुष्य यात सोपं आहे. त्यांच्याकडे दोन्ही रूळ एकाच टोकाला जोडलेले आणि दुसरं टोक मधल्या खिळ्यांना, इंजिनाच्या पोटाखाली सरकणारी लांब पट्टी ते उचलते. कुठलंही एक उघडं चाक कुठल्याही रुळाला टेकलं तरी काम होतं, म्हणून ते दोन दोन, चार चार टायर बिनधास्त लावतात. त्यांच्या सुट्या भागांच्या यादीत हाफ्टराइफन असा जर्मन शब्द दिसला की समजायचं हेच ते. पण त्यांचं बघून आपण टू-रेलमध्ये आणखी एका एक्सलला टायर चढवायचे नाहीत.

आणि आता मुख्य मुद्दा. घसरणं हा दर वेळी दोष नसतो. डबा अडकला, गाडी रुळावरून उतरली आणि इंजिनाची चाकं उघडी असतील तर ती घसरतात, मोटर फिरत राहते, काही जळत नाही. टायरमुळे चाक घसरेनासं झालं की तीच मोटर जागच्या जागी कुंथत उभी राहते. माझ्या एका जुन्या ओपन फ्रेम मोटरवर मी मीटर लावून बघितलंय, सपाटीवर ०.३ अँपिअर, चाकं घसरताना ०.५, आणि हातानं चाक धरून अडवलं तर १.२ च्या पुढे काटा गेला आणि दहा सेकंदांत वास यायला लागला. प्लॅस्टिकचा गिअर असेल तर मोटर जळायच्या आधी तो तडकतो. म्हणून टायर बसवण्याआधी गाडी एवढी जड का जातेय ते शोधा, दोन महिन्यांपूर्वी चढत होती ना?


घोडबंदर_एक्सप्रेस
चढत होती पण खरं सांगायचं तर शेवटी शेवटी थोडी धापा टाकायची. मला वाटायचं तेच छान दिसतं, घाटातलं वाटतं.


निवृत्त_बँकर
नमस्कार. माझी पूर्ण नोकरी घाटात गेली, कसारा ते इगतपुरी आणि काही वर्षं कर्जत ते खंडाळा. दोन्हीकडे चढ वन इन थर्टीसेव्हन. तुमच्या टेबलावरचा घाट आमच्या घाटापेक्षा उभा आहे हे वाचून मौज वाटली. त्याहून उभं बघायचं तर माथेरान, वन इन ट्वेंटी, पण तिथे गाडीही तेवढीच, ६१० मिलिमीटरचा गेज आणि मोजके डबे.

तुम्ही जे घसरणं म्हणताय ते आम्ही रोज बघितलंय. लोखंडावर लोखंड, त्याची पकड किती, तर इंजिनाच्या चालत्या चाकांवर जेवढं वजन त्याचा साधारण चौथा हिस्सा. वाफेचं इंजिन आखतानाच ओढायची ताकद या चौथ्या हिश्शाच्या आसपास ठेवायचे, त्याहून जास्त ताकद असून उपयोग काय, चाकंच फिरणार. कोसळणारा पाऊस परवडला, रूळ धुऊन निघतात, पण जूनमधली पहिली भुरभुर, रुळावर धूळ आणि तेल आणि वरून ओल, ती सगळ्यात वाईट. तेव्हा वाळू. प्रत्येक इंजिनावर वाळूचा डबा, त्याची नळी थेट चाकाच्या तोंडाशी, हवेच्या जोरावर वाळू चाकाखाली. दार्जिलिंगला तर पुढच्या बंपरवर माणसं बसून हातानं वाळू टाकत आलीयत.

तुम्हाला छोट्या रुळावर वाळू टाकता येत नाही म्हणून हे रबर, माझ्या समजुतीप्रमाणे. पण खऱ्या गाडीत वाळू पुरली नाही तर दुसरा उपाय म्हणजे बँकर, गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन. त्याचा विचार केलात का?


कळवा_खाडी
काका, तुमचे प्रतिसाद म्हणजे मेजवानी असते. खेकड्यावर काम केलंय का हो तुम्ही?


निवृत्त_बँकर
डब्ल्यूसीजी-१, हो, त्याला सगळे खेकडाच म्हणायचे. मी लागलो तेव्हा ते शंटिंगला उरले होते. उभं असताना त्यातून कण्हल्यासारखा आवाज यायचा. घाटात मी बँकर चालवला तो डब्ल्यूसीजी-२. असो, इंजिनाच्या रबराचा धागा आहे, नको भरकटवायला.


सीवूड्स_लूप
काका खेकड्याचा वेगळा धागा काढा, नक्की काढा.


कोपरखैरणे_मोगरा
पहिल्यांदाच लिहितेय. हा छंद माझ्या नवऱ्याचा, पण रबर हा माझा विषय, टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रबराचे सील बनवतो त्याच्या लॅबमध्ये वीस वर्षं झाली. तेव्हा टायर का तुटला ते सांगते.

तुमच्या तुकड्याचा फोटो मोठा करून बघितला. काठाला आडव्या बारीक भेगा दिसतायत, एकमेकींना समांतर. ताणलेल्या नैसर्गिक रबराला ओझोन लागला की नेमक्या अशाच भेगा पडतात, ताणाच्या आडव्या. चाकावरचा टायर कायम ताणलेलाच असतो, कपाटात पडून राहिलं तरी. ओझोन हवेत थोडा असतोच आणि मोटरच्या ब्रशपाशी ठिणग्या पडतात तिथेही थोडा तयार होतो. म्हणजे इंजिन न चालवताही टायर म्हातारा होतो, हे लक्षात घ्या. भिंतीला उभा ठेवलेला लेआउट, त्यावर दुपारचं ऊन येतं का खिडकीतून? ऊन आणि उष्णता त्यात भर घालतात.

दुसऱ्या बाजूचा सैल झालाय म्हणालात, ते मात्र तेलाचं काम असणार. नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं, लांबी वाढते आणि मऊ पडतं. गिअरला दिलेलं तेल एक्सलवरून ओघळत चाकाच्या आतल्या बाजूला येतं आणि तिथून खोबणीत. एकाच एक्सलवरच्या दोन टायरांचे दोन वेगळे शेवट, एक भेगा पडून आणि एक फुगून.

नवा घ्यायचा तर नायट्राइल रबर तेलाला चांगलं तोंड देतं पण ओझोनला तेवढं नाही. सिलिकॉनला ओझोन आणि ऊन काही करत नाही, पण ते फाटायला हलकं, चिमट्याचं टोक लागलं की चीर जाते. दोन्हींत तोलून बघायचं तर घरातल्या लेआउटला मी सिलिकॉन घेईन आणि तेल कमी घालीन.


घोडबंदर_एक्सप्रेस
ताई, ऊन येतंच, तीन ते पाच. आणि तेलाचं बोललात ते अगदी बरोबर, गेल्या दिवाळीत साफसफाई करताना मी गिअरला तेल घातलं होतं, थेंबभर पुरलं असतं तिथे चार पाच घातले असतील. दिवाळीनंतरच बिघडलं. इतक्या सरळ गोष्टीचा संबंध मी लावलाच नव्हता.


नौपाडा_लोकोशेड
मोगराताई, असे प्रतिसाद अजून येऊ देत.

आता माप. व्हर्नियरनं चाकाचा व्यास न मोजता खोबणीच्या तळाचा व्यास मोजायचा. व्हर्नियरचे जबडे खोबणीत जात नाहीत, म्हणून मी शिवणाचा दोरा खोबणीत एक वेढा गुंडाळतो, दोन्ही टोकं एकमेकांवर येतात तिथे टाचणीनं खूण करतो, दोरा सरळ करून लांबी घेतो आणि ३.१४ नं भागतो. खोबणीची रुंदी आणि खोली वेगळी मोजा. टायरचा आतला व्यास तळाच्या व्यासापेक्षा थोडा लहान हवा म्हणजे ताणून बसतो, फार लहान घेतला तर ताण वाढतो आणि ताईंनी सांगितल्या त्या भेगा लवकर येतात. जाडी खोबणीच्या खोलीएवढी किंवा अगदी नखभर जास्त. जाडी जास्त झाली की तो एक्सल इंजिनाला उचलून धरतो आणि पुढची चाकं रुळापासून सुटतात, मग अँपिअर म्हणतात तो विजेचा घोळ सुरू.


घोडबंदर_एक्सप्रेस
दोऱ्यानं मोजलं. खोबणीचा तळ १८.६ मिमी, बाहेरून चाक १९.४, रुंदी १.१, खोली ०.४. डब्ल्यूपीचं ड्रायव्हिंग चाक ५ फूट ७ इंचांचं होतं, ८७ नं भागलं तर १९.५ येतं, म्हणजे चाकाचं माप बरंच जवळ आहे, माझ्या मनात केव्हापासून याच इंजिनाचं डब्ल्यूपी करायचंय, पुढचं ते गोल नाक आणि त्यावरचा तारा. गेज मात्र जुळायचा नाही, ब्रॉडगेजचे १६७६ मिमी भागिले ८७ म्हणजे १९.३ आणि आपला रूळ १६.५ चा.


कळवा_खाडी
खरेदीचं सांगतो. ओ-रिंग आणि सील हवे असतील तर वागळे इस्टेटमध्ये हायड्रॉलिकच्या दुकानांत मिळतात आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहेच. पण ओ-रिंगचा छेद गोल असतो, आपल्या खोबणीला चपटी पट्टी लागते, गोल रिंग वर उमटून राहते आणि चाक उड्या मारतं. मी करून बघितलंय, नका जाऊ त्या वाटेला.

त्यापेक्षा सिलिकॉनची पातळ नळी, लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळते, ती लाकडी गोल दांड्यावर चढवायची, दांडा हाताने फिरवत नव्या ब्लेडनं एकेक चकती कापायची. पहिल्या दहा वाया जातात, कड वाकडी येते. मग हात बसतो. माझी नळी १६ मिमी व्यासाची होती, भिंत अर्धा मिमी, तुमच्या चाकाला ताणून बसेल.

अगदीच आज रात्री गाडी चालवायची असेल तर फुग्याचं तोंड. फुग्याच्या मानेचा मिलिमीटरभर तुकडा कापून चढवायचा, जाडीला कमी पडतो म्हणून दोन एकावर एक. दोन महिने टिकतं, ताई सांगतील तसं भेगा पडून जातं.


सीवूड्स_लूप
बाजारात द्रव टायर पण मिळतो ना, हिरव्या रंगाचा, बुलफ्रॉग स्नॉट नावाचा? काडीनं खोबणीत लावायचा, इंजिन उलटं ठेवून चाक हळू फिरवत राहायचं आणि सुकू द्यायचं. कुणी वापरलाय?


नौपाडा_लोकोशेड
वापरलाय, खोबण नसलेल्या चाकांना तो बरा पडतो कारण अगदी पातळ थर बसतो. सगळी गंमत थर एकसारखा येण्यात आहे, चाक फिरवायचं थांबलात की खालच्या बाजूला थेंब जमतो आणि तिथे चाकाला गाठ येते. रात्रभर सुकू द्या. तुमच्यासारखी नीट खोबण असेल तर रिंगच बसवावी.


ऐरोली_अँपिअर
सगळे टायरवर आलात, पण माझा प्रश्न राहिला. गाडी जड का? घोडबंदर, दोन मोजमापं करा. एक, डबा सपाट पट्टीवर ठेवा, एक मीटर लांबीची पट्टी किंवा रूळ, आणि एका टोकाखाली वह्या सरकवत जा. डबा आपणहून गडगडायला लागला की ते टोक किती उचललंय ते मोजा. एक मीटरला अडीच सेंमी म्हणजे डब्याच्या वजनाचा अडीच टक्के त्याला नुसतं ओढायला जातो. दोन, इंजिनाची ओढ. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, त्यावर पाव किलोचं वजन ठेवा, वजनाला दोरा, दोरा वरच्या छोट्या पुलीवरून इंजिनाच्या हुकला. इंजिन ओढायला लागलं की काट्यावरचा आकडा जेवढा कमी होईल तेवढी त्याची ओढ.


घोडबंदर_एक्सप्रेस
केलं. काल रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं बापलेक काट्यापाशी बसलो होतो, लेक आकडे वहीत लिहीत होती. सगळं इथे देतो, कुणी चूक असेल तर सांगा.

इंजिन ३२० ग्रॅम, त्यातलं ड्रायव्हिंग चाकांवर साधारण २४०, टेंडर ११०, डबा १३०. आठ डबे आणि टेंडर मिळून ११५० ग्रॅम. पट्टीवर डबा अडीच सेंमीला गडगडला, दोन डबे तर साडेतीनला. ११५० चे अडीच टक्के म्हणजे २९ ग्रॅम. चढाचं वेगळं, इंजिनासकट १४७० ग्रॅम भागिले ३० म्हणजे ४९. एकूण ७८ ग्रॅम ओढ हवी.

टायर काढून, फुग्याचा तुकडाही न घालता, म्हणजे पुढच्या दोन एक्सलच्या जोरावर, काट्यावर ४६ आले. फुग्याचे दोन दोन तुकडे घालून ८३. म्हणजे टायर चांगला असतानाही जेमतेम पाच ग्रॅम हातात उरत होते! धापा टाकत होती ती उगीच नाही.


ऐरोली_अँपिअर
झकास. हे आकडे बघून मला हुरूप आला. आता बघा, तुमच्या ७८ मधले २९ फुकटचे आहेत. डब्यांच्या एक्सलची टोकं आणि ज्या खोबणीत ती बसतात त्या साफ करा, केस आणि गालिच्याचे धागे गुंडाळलेले असतात, बारीक चिमट्यानं काढा. माझे डबे साफसफाईनंतर दीड सेंमीला गडगडतात. तसं झालं तर २९ चे १७ होतील आणि एकूण ६६. टायरवर काहीच भार न टाकता बारा ग्रॅम कमी.


नौपाडा_लोकोशेड
आणि वजन? ड्रायव्हिंग चाकांच्या बरोबर वर बॉयलरमध्ये शिसं भरलं तर ६० ग्रॅम सहज मावतात. तुमचे २४० आणि हे ६० मिळून ३००, उघड्या चाकांची ओढ तुमच्या मापात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा, म्हणून ३०० चा पाचवा हिस्सा ६०, म्हणजे टायर न लावताही सहा डबे घाट चढतील. मी स्वतः टायर नको म्हणणाऱ्यांतला आहे, रबराचा भुगा रुळावर पसरतो, तो पुन्हा बाकीच्या चाकांवर चिकटतो आणि पिकअप घाण होतं.


कोपरखैरणे_मोगरा
जुनं, मऊ पडलेलं रबर झिजून पसरतं हे बरोबर. सिलिकॉनचा भुगा कमी पडेल. पण शिसं हाताळलं की हात नीट धुवा हो, लेक बरोबर असते म्हणालात म्हणून सांगते.


ऐरोली_अँपिअर
नौपाडा, वजन वाढवलं की तो भार मोटर आणि एक्सलच्या बेअरिंगवर येतो. त्यात टायर असेल तर चाक घसरणारच नाही आणि मी वर लिहिलं तो धोका. टायर किंवा शिसं, दोन्हींतलं एकच, असं माझं मत.


निवृत्त_बँकर
माझा बँकर सगळे विसरले.


घोडबंदर_एक्सप्रेस
नाही काका विसरलो नाही, माझ्याकडे एक छोटं टँक इंजिन आहे, ०-६-०, टायर नसलेलं. मागून लावलं तर चालेल? भीती अशी की दोघांचा वेग वेगळा, मधले डबे उचलून फेकले जातील.


कळवा_खाडी
दोघांनाही टायर असतील तर हो, भांडतात. एक जोरात ढकलतं, दुसरं हळू, घसरायला कुणीच तयार नाही, मग वळणावर मधला डबा बाहेर. एकाला टायर आणि एकाला उघडी चाकं असतील तर उघडं वालं घसरून जुळवून घेतं. बँकर उघड्या चाकांचाच हवा. आणि त्याचा वेग मुख्य इंजिनापेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे तो कायम ढकलत राहील आणि घसरून फरक भरून काढेल. कपलिंग अडकवू नका, नुसतं बफरला टेकवा.


निवृत्त_बँकर
आमचंही तेच गणित. मागच्यानं टेकायचं आणि दाब कायम ठेवायचा. मधेच ढिलं पडून पुन्हा धक्का दिलात की पुढच्या डब्यातल्या माणसाच्या कपातला चहा सांडतो.


नौपाडा_लोकोशेड
टायर चढवायची पद्धत सांगून ठेवतो, धागा पुढे कुणी शोधेल त्याच्यासाठी. इंजिन मऊ फडक्यावर उलटं. खालची पट्टी स्क्रू काढून उघडा, पण चाक एक्सलवरून कधीही उपटू नका, दोन्ही बाजूंच्या क्रँकपिनमध्ये (साइड रॉड चाकाला अडकतो त्या खिळ्यांमध्ये) ९० अंशांचा फरक ठेवलेला असतो, तो हलला की साइड रॉड अडकतात आणि घरी पुन्हा जुळवणं फार जिकिरीचं. फक्त मागच्या चाकाचा क्रँकपिनचा स्क्रू सोडवून रॉड बाजूला घ्या. खोबण आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा, तेलाचा अंश राहता कामा नये, मग पूर्ण सुकू द्या. टायर एका बाजूनं खोबणीत बसवून लाकडी टूथपिकनं गोल फिरवत चढवा, धातूचं टोक वापरू नका. बसल्यावर टूथपिक टायरखाली घालून चाकाभोवती एक पूर्ण फेरी मारा म्हणजे पीळ राहिला असेल तर सुटतो आणि ताण सगळीकडे सारखा होतो. प्रकाशात धरून चाक फिरवा, काळी रेघ वरखाली नाचली तर काढून पुन्हा.

उरलेले टायर टाल्कम पावडर लावून छोट्या पिशवीत, अंधारात. न ताणता.


घोडबंदर_एक्सप्रेस
तीन आठवडे झाले, केलं काय ते सांगतो.

डबे साफ केले. बत्तीस एक्सल, दोन संध्याकाळी गेल्या. एका डब्याच्या बोगीतून जवळजवळ अर्धा फूट लांब केस निघाला, साडेतीनला गडगडणाऱ्या दोघांतलाच तो एक. आता सगळे दीड ते पावणेदोनमध्ये गडगडतात.

कळवा, तुमच्या सल्ल्यानं सिलिकॉनची नळी आणली, चकत्या कापल्या, बारावी जमली. चढवताना पहिली फाटली, दुसरी बसली. टूथपिकची फेरी मारताना टायर खरंच एका जागी सरकून सरळ झाला, बोटाला कळलं. शिसं भरलं नाही, अँपिअर यांचं पटलं. गिअरला सुईच्या टोकावर येईल एवढंच तेल. लेआउट आता खिडकीच्या समोरच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीला उभा करतो.

काट्यावर ओढ ८१ आली, हवी होती ६६.

काल रात्री आठ डबे लावले आणि मागे टँक इंजिन टेकवलं. दोन कंट्रोलर नाहीत म्हणून घाटाच्या पायथ्याला रुळाचा छोटा तुकडा स्विचनं वेगळा काढला, बँकर तिथे थांबतो, गाडी पुढे गेली की लेक स्विच दाबते आणि तो मागून येऊन टेकतो. पहिल्या तीन वेळा धडकला आणि शेवटचा डबा उतरला. चौथ्यांदा तिनं गाडी वळणाच्या आधीच थोडी हळू करायला लावली मला, आणि मग तो अलगद टेकला. वर चढताना बँकरची चाकं मधूनच अर्धा फेरा घसरत होती, पुढचं इंजिन एकदाही नाही. वरच्या सपाटीला आल्यावर मी वेग वाढवला, बँकर मागे पडला आणि तसाच घाटमाथ्यावर उभा राहिला.

काका, बँकर खाली परत कसा न्यायचा? खऱ्या घाटात एकटाच उतरतो का, की पुढच्या गाडीला जोडून?


निवृत्त_बँकर
दोन्ही करायचे. लाइन मोकळी असेल तर एकटा उतरायचा, लाइट इंजिन म्हणून. उतरणारी गाडी जवळ असेल तर तिच्याबरोबर, ब्रेकला मदत म्हणून पुढे जोडून. एकटा उतरवाल तेव्हा हळू उतरवा, उतारावर उघड्या चाकांचं इंजिन थांबायला जास्त जागा घेतं. लेकीला शाबासकी सांगा, टेकवायला जमणं सोपं नाही, आम्हाला ते शिकायला बरेच दिवस लागले होते.